परळच्या गिरणीपासून वढूच्या शेतापर्यंत: आईचं ताट आणि बाळाची जनुकं

कुपवाडहून पुन्हा एकदा तुमच्या कानात. आणि ज्यांना एमआयडीसीच्या आवाजात इअरफोन लावून ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी हा लिहिलेला एपिसोड.

आजचा विषय कागदावर जड दिसतो: पेशीतलं चयापचय जनुकांचा कारभार कसं बदलतं. म्हणजे, आपण खाल्लेलं पेशीत जाऊन आपल्या डीएनएवर खुणा कशा करतं. हे ऐकून वाटतं की गोष्ट केंब्रिज-हार्वर्डच्या प्रयोगशाळेतली असणार. पण तिची दोन महत्त्वाची प्रकरणं आपल्या महाराष्ट्रात घडली आहेत. पहिलं मुंबईत, परळ भागात, १९२८च्या सुमाराला. दुसरं पुण्याजवळच्या खेड्यांत, १९९३ पासून. आणि दोन्हीकडे मुख्य पात्रं एकच, गरोदर बाई.

आधी सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे औषधाचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका. गोष्ट मात्र नक्की ऐका.

परळची रहस्यमय रक्तक्षयाची केस

१९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. भारतात बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात याची चौकशी तेव्हा सुरू होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून विल्स त्यात सामील झाली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली.

तिच्यासमोर आलेल्या बायका गरीब घरातल्या, बऱ्याच कापड गिरण्यांत राबणाऱ्या. गरोदरपणात त्यांचं रक्त भयंकर कमी व्हायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसायच्या. असाच एक आजार युरोप-अमेरिकेत माहीत होता आणि १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं होतं की कलेजी खाऊ घातली की तो बरा होतो. मग हा तोच आजार का?

विल्सने जंतू शोधले, सापडले नाहीत. मग ती स्वयंपाकघराकडे वळली. कोण काय खातं याची नोंद केली, तेव्हा लक्षात आलं की ज्यांच्या जेवणात फळं, पालेभाज्या, दूध यांचा पत्ता नाही, त्यांच्यातच हा आजार जास्त आहे. आधी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग झाले. शेवटी तिने या बायकांना मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क. काळपट, चिकट, स्वस्त. आणि बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं.

गंमत पुढे आहे. त्या दुसऱ्या आजारावर चालणारा कलेजीचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडत नव्हता, पण साधी कलेजी आणि मार्माइट लागू पडत होतं. म्हणजे आजार दिसायला सारखा असला, तरी कमी पडणारी गोष्ट वेगळी होती. या अनोळखी गोष्टीला काही वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणायचे. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा केला गेला आणि त्याचं नाव पडलं फोलिक अॅसिड. १९४५ च्या सुमाराला तो प्रयोगशाळेत बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगड सुब्बाराव, आंध्रचे. शुद्ध अर्कात जी दुसरी गोष्ट होती, ती १९४८ मध्ये सापडली: बी-१२.

तर फोलेट आणि बी-१२ ही जुळी भासणारी भावंडं वेगळी आहेत याचा पहिला धागा मुंबईच्या गिरणी कामगार बायकांच्या रक्तात सापडला. २०१९ मध्ये गूगलने विल्सच्या वाढदिवसाला डूडल ठेवलं होतं, कदाचित तुम्ही स्क्रोल करून पुढे गेला असाल. त्या बायकांची नावं मात्र कुठल्याच डूडलवर नाहीत.

मार्केट यार्डातला टेम्पो आणि हमाल

आता पेशीच्या आत शिरू. घाबरू नका, सांगलीच्या मार्केट यार्डातून जाऊ.

हळदीच्या हंगामात यार्डात टेम्पो येतात, पोती भरून. टेम्पो नुसता आला म्हणजे काम झालं असं नाही. हमाल लागतो. त्याने पोतं उतरवलं की माल दुकानात जातो, रिकामा टेम्पो दुसऱ्या भाड्याला जातो.

आपल्या पेशीत फोलेट हा टेम्पो आहे. त्याच्यावरचं पोतं म्हणजे मेथिल गट, एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन, बस्स. हमाल म्हणजे बी-१२. तो हे पोतं उतरवून होमोसिस्टीन नावाच्या रेणूवर ठेवतो. होमोसिस्टीनचं मग मेथिओनिन होतं, आणि त्यापासून सॅम नावाचा रेणू तयार होतो. पूर्ण नाव एस-अॅडेनोसिल मेथिओनिन, पण आपण त्याला सॅमच म्हणू. शरीरात जिथे जिथे मेथिल गट चिकटवायचा असतो, तिथे बहुतेक वेळा पुरवठा सॅमकडून होतो. यातली एक जागा म्हणजे डीएनए.

डीएनएवर मेथिल गट चिकटवला की काय होतं? अक्षरं बदलत नाहीत. पण त्या जागेचं जनुक बहुधा शांत बसतं, कमी वाचलं जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तोच, फक्त कुठलं फीचर चालू आणि कुठलं बंद हे सेटिंग बदललं. तुमच्या डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत कोड एकच आहे. वेगळी आहेत ती सेटिंग्ज. या सगळ्या प्रकाराला एपिजेनेटिक्स म्हणतात. शब्द कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये रुजवला, आणि मेथिल गट हीच ती खूण असू शकते हा विचार १९७५ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडला गेला.

सॅम एकटाच नाही. साखर जाळताना पेशीत अॅसिटिल-कोए नावाचा रेणू बनतो. डीएनए ज्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर लागणारा अॅसिटिल गट इथूनच येतो, आणि तो लागला की रीळ सैल होऊन जनुक वाचता येतं. पेशीत इंधन किती आहे याचा या खुणांशी थेट संबंध आहे, हे २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅथरिन वेलेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे पेशीचं स्वयंपाकघर आणि पेशीचं ऑफिस यांच्यामध्ये भिंत नाही. शिधा संपला की फाइलवर शिक्का मारायची शाईसुद्धा संपते.

आता विचार करा, यार्डात हमालच आला नाही तर? टेम्पो भरलेला उभा. माल आत जात नाही, आणि टेम्पो अडकल्यामुळे दुसरी भाडीही बुडतात. बी-१२ नसेल तर पेशीत अगदी हेच होतं. फोलेट भरल्या अवस्थेत अडकून पडतं. यावर उपाय म्हणून नुसते आणखी टेम्पो मागवले तर थोडी कामं सुरू होतात, रक्त सुधारल्यासारखं दिसतं. पण हमालाचं काम तसंच राहतं. म्हणूनच बी-१२ कमी असलेल्या माणसाला फक्त फोलिक अॅसिड दिलं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहू शकतं. डॉक्टरांना हे बरीच दशकं माहीत आहे.

हे चित्र डोक्यात ठेवा. आता पुण्याला जायचंय.

वढू, १९९३

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण बघत होते. पुस्तकात लिहिलं होतं की हा आजार लठ्ठ आणि वयस्कर लोकांचा. त्यांच्यासमोर येत होते बारीक आणि तरुण. असं का?

त्याच काळात इंग्लंडमध्ये साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर एक वेगळंच म्हणत होते. हर्टफर्डशरमध्ये १९११ पासून सुइणींनी बाळांची वजनं वहीत लिहून ठेवली होती. बार्कर यांनी ती मुलं म्हातारी झाल्यावर शोधली. जन्मतः लहान असलेल्यांमध्ये हृदयविकार आणि मधुमेह जास्त. म्हणजे आजाराची सुरुवात पोटात असताना?

याज्ञिक आणि साउदम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांनी मिळून ठरवलं की हे इथे तपासायचं, आणि म्हाताऱ्यांपासून मागे जाण्याऐवजी आयांपासून पुढे जायचं. केईएमचं काम वढू भागात होतंच, डॉ. बानू कोयाजी यांनी तिथलं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं होतं. तर १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी सुरू झाला. वैशिष्ट्य असं की बायका गरोदर राहण्याआधीपासून नोंदी. दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहायची, वजन-उंची, मग गरोदरपणात खाणं, काम, रक्त. आहाराचं काम आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी सांभाळलं.

या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन होतं सुमारे ४२ किलो. शेतात काम, विहिरीवरून पाणी, घरचं सगळं. ज्यांच्यावर कष्टाचा भार जास्त, त्यांची बाळं लहान. आणि खाण्यात एकूण कॅलरी किंवा प्रोटीनपेक्षा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला तो तीन गोष्टींचा: पालेभाज्या, फळं, दूध. विल्सने परळमध्ये जे तीन शब्द लिहिले असते, अगदी तेच.

बाळं जन्मली तेव्हा सरासरी वजन २.७ किलो. साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण चकवा इथे होता. आपल्या बाळांचे स्नायू, पोट हे बरंच लहान होतं. पाठीवरच्या चामडीखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ टिकून होती. बाळ दिसायला काडी, पण आतून चरबीचा वाटा जास्त. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘थिन-फॅट इंडियन’ हा शब्द जगभर पसरला.

पुढच्याच वर्षी याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी लॅन्सेटमध्ये स्वतःचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच सांगतो. ‘अरे, तू तर बारीक आहेस, तुला कसली शुगर’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक काकांना हा फोटो पाठवा.

हमाल कुठे गेला?

आयांचं जपून ठेवलेलं रक्त तपासलं तेव्हा विल्सचे दोन्ही जीवनसत्त्वं पुन्हा समोर आले. सुमारे दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी. फोलेट कमी असलेली? जवळजवळ कोणीच नाही. टेम्पो भरपूर, हमाल गायब.

मग मुलं सहा वर्षांची झाली. २००८ मध्ये आलेला निष्कर्ष असा: ज्या मुलांच्या आईचं बी-१२ सगळ्यात कमी आणि फोलेट सगळ्यात जास्त होतं, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. इन्सुलिन दार ठोठावतंय, पेशी उघडत नाही. मधुमेहाची पहिली पायरी, वय वर्षं सहा.

तीच मुलं १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. त्यांतले जवळपास निम्मे वजनाने कमी, बारीक. तरी मुलग्यांमध्ये एक तृतीयांशाहून जास्त जणांची साखर सामान्यच्या वर. हे आपल्या वयाचे, किंवा थोडे लहान लोक आहेत. आपल्यासारखेच मोबाइलवर पॉडकास्ट ऐकणारे.

बी-१२ कमी का? कारण ते वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही नाहीत. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. आपल्यापर्यंत पोहोचतं दूध, अंडी, मासे, मटणातून. आणि हा फक्त गरिबीचा प्रश्न नाही. पुण्यातल्या ४४१ पुरुषांच्या २००६ मधल्या अभ्यासात ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. आपल्या भागात तर गोठ्यात म्हैस असते, पण सकाळी कॅन डेअरीवर जातो आणि घरच्या सुनेच्या वाट्याला चहापुरतं दूध उरतं. रविवारी मटण झालं तरी शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात रस्सा येतो.

मग जनुकांवर खूण झाली का?

इथे नीट थांबून बोलायला हवं. आईत बी-१२ कमी आणि मुलात इन्सुलिनचा त्रास, ही दोन टोकं झाली. मधला पूल मेथिल गटांचा आहे, हे सिद्ध कसं करणार?

उंदरांत पूल दिसला आहे. २००३ मध्ये ड्यूक विद्यापीठात वॉटरलँड आणि जर्टल यांनी अगूटी जातीच्या उंदरीणींना गरोदरपणात फोलिक अॅसिड, बी-१२, कोलीन आणि बीटेन दिलं. या जातीत एक जनुक सतत चालू राहिलं की पिल्लू पिवळं आणि लठ्ठ होतं. जादा मेथिल मिळालेल्या आयांची पिल्लं जास्त करून तपकिरी झाली. जनुक तेच, त्यावरची मेथिलची खूण वाढली.

माणसांत डच लोकांचं उदाहरण आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या वेळी गर्भात आलेली मुलं साठीला पोहोचल्यावर, २००८ मध्ये, दिसलं की वाढीशी संबंधित आयजीएफ-२ या जनुकावर त्यांच्याच भावंडांपेक्षा मेथिल कमी आहे. साठ वर्षं खूण टिकली होती.

आपल्याकडे पुण्याच्या मुलांना बी-१२ देऊन हैदराबादच्या सीसीएमबीमधल्या गिरिराज चांडक यांच्या गटाने मेथिलेशन मोजलं. २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं की मधुमेहाशी जोडलेल्या काही जनुकांवर फरक दिसतो. पण मुंबईतला निकाल उलट बाजूने सावध करतो. तिथल्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी ‘सारस’ प्रकल्प चालवला. बायकांना गरोदरपणाआधीपासून पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. एकूण पाहता बाळांच्या वजनात फरक पडला नाही. पण ज्यांनी गरोदर राहण्याच्या किमान तीन महिने आधी सुरुवात केली, त्यांच्या बाळांचं वजन ४८ ग्रॅमनी जास्त भरलं, आणि गरोदरपणातला मधुमेह १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आला. नंतर याच मुलांच्या डीएनएवर खुणा शोधल्या, तेव्हा ठळक असं काही हाती लागलं नाही. आफ्रिकेतल्या गांबियाच्या मुलांत मोजक्या जागी फरक दिसला.

म्हणजे रसायन पक्कं आहे, उंदीर पक्के आहेत, माणसांत धागा आहे पण तो अजून सुटा सुटा आहे. उद्या कुणी रीलमध्ये ‘हे खा आणि बाळाची जनुकं बदला’ म्हणून पावडर विकायला आलं, तर हा परिच्छेद आठवा.

आईला आरोपी करू नका

या संशोधनाचा एक वाईट वापर सहज होऊ शकतो. ‘मुलाला शुगर? आईनेच नीट खाल्लं नाही.’ वढूच्या त्या ४२ किलोच्या बाईने काय निवडलं होतं? किती खेपा पाणी आणायचं, दुधाचा कॅन कुठे जायचा, ताट शेवटी वाढायचं, यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. आणि ती स्वतःही कधीतरी कुणाच्या पोटात, अशाच घरात वाढली होती. खूण डीएनएवर उमटते, पण शिक्का मारणारा हात घराचा आणि गावाचा असतो.

म्हणून पुण्याच्या गटाने पुढचं पाऊल गरोदरपणाच्या आधी टाकलं. २०१२ मध्ये ‘प्रिया’ चाचणी सुरू झाली. १९९३ च्या अभ्यासातली बाळं आता किशोरवयात आली होती. त्या मुलींना आणि मुलांनाही रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचं, काहींना सोबत इतर पोषकद्रव्यं, काहींना नाही, आणि मग त्यांची बाळं बघायची. २०२१ मध्ये आलेल्या निकालात, बी-१२ मिळालेल्या आयांची मुलं दोन वर्षांच्या वयात आकलन आणि भाषेत पुढे दिसली. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे किती? एक ग्रॅम बी-१२ पाच लाख जणांना एका दिवसासाठी पुरेल, इतकं.

आपल्या शाळांत मुलींना आठवड्याला लोह आणि फोलिक अॅसिडची निळी गोळी मिळते. ती बंद करा असं कुणी म्हणत नाहीये, आणि तुम्हीही म्हणू नका. गरोदरपणाआधी फोलिक अॅसिड घेतल्याने बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे जन्मदोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ पासून पक्कं आहे. प्रश्न एवढाच आहे की टेम्पो पाठवतोय तर सोबत हमालही पाठवायचा का. पुण्याचं उत्तर आहे, हो. धोरण अजून तिथपर्यंत आलेलं नाही.

परळ ते वढू हे अंतर जेमतेम दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, आणि काळ साठेक वर्षांचा. दोन्हीकडे कुणीतरी बायकांच्या ताटात डोकावलं, खाल्लेलं लिहून ठेवलं, आणि त्यातून जगाला नवं काही कळलं. तुमच्या घरात कुणाच्या हातापायाला मुंग्या येत असतील, सतत थकवा असेल, तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा, ही साधी रक्ततपासणी आहे. आणि आज रात्री जेवताना एवढंच बघा, घरात दूध किती येतं आणि ते कुणाच्या पेल्यात जातं.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर हा भाग ज्या मित्राला ‘बारीक आहेस, बरं आहे’ असं सगळे म्हणतात, त्याला नक्की पाठवा.